हळूबाईंचं लांबण

हळूबाई कधीच हळू नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जिना चढायच्या तर दोन-दोन पायऱ्या गाळत, बोलायच्या तर समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी आपणच संपवत, आणि चहा इतका कढत प्यायच्या की बघणाऱ्याची जीभ पोळावी. त्यांना हे नाव पडलं ते पाइपशेडमध्ये. तिथले साहेब दिवसातून पन्नास वेळा ओरडायचे, "हळू, बाई, हळू!" शेजारच्या वर्कशॉपमधल्या टवाळांनी ते उचललं, मधला स्वल्पविराम गाळला आणि झालं नाव तयार. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी संपली, केस पांढरे झाले, तरी नाव काही सुटलं नाही. नवरासुद्धा त्यांना तसंच म्हणायचा. लाडात आला तर नुसतं 'हळू'.

त्या सकाळी फोन वाजला तेव्हा त्यांच्या एका हातात इस्त्री होती आणि दुसऱ्या हातानं त्या गॅस बारीक करत होत्या. खांदा आणि कान यांच्यात फोन पकडून त्या म्हणाल्या, "बोला."

"बाई, मी बोलतोय."

ना नाव, ना नमस्कार. पस्तीस वर्षांत आवाज थोडा घोगरा झाला होता, बाकी माणूस तोच. हळूबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"आपला पाइप भंगारात चाललाय," साहेब म्हणाले. "पुढच्या सोमवारी. शेडच पाडणार आहेत. मी दोन दिवसांची परवानगी काढलीय. पावडरही मिळाली, हल्ली सहज मिळते म्हणे. शेवटचं एकदा लांबण करून बघायचंय. तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही. येताय का?"

"येते," हळूबाई म्हणाल्या. विचार नेहमीप्रमाणे मागून आला, आणि तो आला तेव्हा आपण येते म्हणायला नको होतं, असं त्यांना वाटलं.

कारण लांबण नीट झालं तर पारा खाली उतरणार होता. पारा उतरला की साहेब विचारणार होते, मग त्या दिवशी का नाही उतरला? आणि त्याचं उत्तर आता जिवंत माणसांत एकट्या हळूबाईंना माहीत होतं.

"कुठे निघालीस एवढी घाईनं?" मुलीनं विचारलं.

"जुन्या ऑफिसात. पाणी ढवळायला."

"पाणी कशाला ढवळायला लागतं, आई?"

"त्यात ढवळण्यासारखं काही घातलं तर लागतं," असं म्हणून त्यांनी चपला अडकवल्या.

मुलीनं कपाळावर हात मारला. आई तरुणपणी नेमकं काय काम करायची हे तिला कधीच धड कळलं नव्हतं. दोष तिचा नाही. हळूबाईंनी दहा वेळा सांगायला घेतलं होतं, पण त्या इतक्या भरभर सांगायच्या की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागायचं नाही. तेव्हा आपणच सावकाश सांगू.

पाइपशेड म्हणजे पाणीखात्याच्या आवारातली पत्र्याची लांबोळकी शेड. भिंतीलगत वीस मीटर लांबीचा पितळी पाइप, दोन बोटं जेमतेम आत जातील एवढ्या तोंडाचा. छपरावर टाकी. टाकीतलं पाणी पाइपातून जोरात धावायचं आणि पलीकडच्या हौदात पडायचं. पाइपाच्या दोन टोकांना जोडलेली एक वाकडी काचेची नळी होती, तिच्यात पारा. पाण्याला पाइपातून जाताना जितका जास्त त्रास, तितका नळीच्या दोन बाजूंच्या पाऱ्यात जास्त फरक. नुसत्या पाण्याला हा फरक एकशे बेचाळीस मिलिमीटर यायचा. तो कमी करणं हे साहेबांनी स्वतःचं आयुष्यभराचं काम ठरवलं होतं.

"पाण्याला कसला आलाय त्रास?" कामावर आल्या आल्या बावीस वर्षांच्या हळूबाईंनी विचारलं होतं.

साहेब एकदम खुलले होते, कारण त्यांना असं कोणी विचारत नसे. "जोरात जाणारं पाणी सरळ जात नाही, बाई. आत भोवरे उठतात, एकात एक. शाळा सुटली की दारात काय होतं? सगळ्यांना घरीच जायचंय, पण अर्धी ताकद ढकलाढकलीत जाते. पाण्याचं तेच. आता समजा, त्या पोरांना मधूनमधून लांब दोऱ्या धरायला दिल्या, बालवाडीची पोरं धरून चालतात तशा. कोणी आडवं घुसायला लागलं की दोरी ताणली जाते आणि त्याला आवरते. ढकलाढकली कमी, पोरं भराभर बाहेर!"

दोरी म्हणजे ती पावडर. पॉलिमर म्हणायचं तिला. तिचा एकेक रेणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारी लांबच लांब साखळी. हजार लिटर पाण्याला चार चमचे पावडर पुरायची आणि पारा एकशे बेचाळीसवरून अठ्ठावन्नवर यायचा. पाणी तेच, पाइप तोच, वेगही तोच, त्रास मात्र निम्म्याहून कमी. आग विझवायच्या होजमधून हे पाणी सोडलं तर त्याच बंबाचं पाणी आणखी दोन मजले वर जाईल, असं साहेबांचं म्हणणं होतं. या धाग्यांवर साहेब बोलायला लागले की लांबण लावायचे, आणि मिश्रणात बोट बुडवून वर उचललं की तारही लांबच लांब यायची. म्हणून त्या मिश्रणाला शेडमध्ये सगळे लांबणच म्हणायचे.

लांबण करायची रीत मात्र जिवाला घोर लावणारी होती. पावडर चाळणीनं पाण्यावर भुरभुरवायची, ओतायची नाही. ओतली की गोळे होतात, वरून ओले आणि आत कोरडे, माशाच्या डोळ्यांसारखे दिसणारे. मग लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ढवळायचं, एका श्वासाला एक फेरा, दोन तास. मग रात्रभर झाकून ठेवायचं, आणि सकाळी पिंपाच्या नळातून थोडं थोडं पाइपातल्या पाण्यात सोडायचं. आणि जोरात कधीही ढवळायचं नाही, कारण जोर लागला की धागे तुटतात. तुटलेलं दिसत नाही, हीच तर मेख आहे. मिश्रण उलट जास्तच स्वच्छ आणि सुंदर दिसतं. फक्त पारा ओळखतो.

पारे तसे शेडमध्ये दोन होते, एक नळीतला आणि एक साहेबांचा. नळीतला उतरवायचा तर दुसरा चढू द्यायचा नाही, एवढं हळूबाईंना पहिल्या महिन्यातच कळलं. घाई मुळात रक्तात, पण त्या फळीपाशी त्या शिकल्या. पाच वर्षांत एक वेळ अशी आली की त्यांच्या हातचं लांबण साहेब तपासतही नसत. वहीत आकडे लिहीत आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात मनाला येईल ते लिहीत: 'आज ढग.' 'टाकीत बेडूक.' 'बाईंना सर्दी, तरी तार उत्तम.'

शेडच्या दारात साहेब उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हातात काठी, पण खिशात त्याच तीन पेन्सिली. त्यांनी घड्याळ बघितलं.

"पाव तास लवकर आलात."

"सवय आहे," हळूबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

खात्याच्या नव्या अधिकारी बाई, फार तर तिशीच्या, किल्ली घेऊन आल्या. दार करकरत उघडलं. प्रयोग बंद पडल्यापासून शेड अडगळीसाठी वापरली जात होती. मोडक्या खुर्च्या, जुने नकाशे, गंजके नळ, आणि त्या सगळ्यामागे भिंतीलगत तो पाइप, काळवंडलेला, पण जागच्या जागी. हळूबाईंना एकदम तो वास आला, ओल्या सिमेंटचा आणि पितळेचा, आणि त्यांना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलंही नाही. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मेलं, सगळं आहे तसंच आहे."

"पारा सांडू नका हं, सर," एवढं सांगून अधिकारी बाई गेल्या.

साहेबांनी आदल्या आठवड्यात टाकी धुऊन घेतली होती, नळी साफ करून पारा भरला होता. लांबणाचं सामान मात्र भिंतीतल्या कपाटात होतं, ते हळूबाईंनी उघडायचं. त्यांनी उघडलं. चाळणी सापडली. फळी सापडली, हाताच्या जागी गुळगुळीत झालेली. आणि सगळ्यात खालच्या खणात, जुन्या गोणपाटात गुंडाळलेलं, त्यांना पक्कं माहीत होतं ते सापडलं: वर्कशॉपचं हिरवं ड्रिल मशीन. तोंडात सळई आणि तिच्या टोकाला पत्र्याचं पातं. त्यांनी गोणपाट झटकन पुन्हा ओढलं आणि खण लावून टाकला.

पिंपात पन्नास लिटर पाणी घेतलं. पावडर भुरभुरवली, फळी हातात घेतली आणि हात आपोआप चालू लागला. एका श्वासाला एक फेरा. साहेब बाजूला, कपाटाजवळच्या स्टुलावर बसले होते. जवळच्या पिशवीतून त्यांनी वह्या काढून मांडल्या. अकरा होत्या.

"या कशाच्या?" हळूबाईंनी विचारलं.

"चूक शोधतोय," साहेब म्हणाले. "त्या दिवशीचा एकशे छत्तीस कुठून आला, ते. नाही तर आधीचे अठ्ठावन्न कुठून आले, ते. दोन्ही खरे असू शकत नाहीत ना? नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल, असं मी अहवालात लिहून दिलं. 'आधीचे आकडे माझ्या मोजण्यातल्या चुकीमुळे आले असावेत.' सही माझी. पण बुडबुडा पाच वर्षं कसा अडकेल, बाई? मग दुसरं काहीतरी. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी तासभर बसतो. बायको होती तेव्हा म्हणायची, लोक सकाळी फिरायला जातात, तुम्ही चुकायला बसता."

ते स्वतःच्याच विनोदावर हसले. हळूबाईंची फळी एक फेरा चुकली.

त्यांना वाटलं होतं, साहेब विसरले असतील. चिडले असतील, पावडरीला नाही तर नशिबाला शिव्या घातल्या असतील आणि सोडून दिलं असेल. हा माणूस पस्तीस वर्षं स्वतःलाच धरून बसला असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या दिवशी घडलं ते एवढंच. अग्निशमन दलाचे प्रमुख आणि चार पाहुणे सकाळी दहाला प्रयोग बघायला यायचे होते. परदेशातून आलेल्या डब्यात शेवटची पावडर उरली होती. आदल्या दुपारी हळूबाई लांबण करायला बसणार, तोच वर्कशॉपमधला वायरमन दारात आला. त्याच्या हातात सिनेमाची दोन तिकिटं होती आणि कान लाल झाले होते. दोन वर्षं तो नुसता दारावरून जायचा. हळूबाईंनी पावडर चाळणी न घेता एका दमात ओतली, दहा फेरे मारले, झाकण टाकलं आणि पळाल्या. सिनेमात त्यानं विचारलं, आणि त्यांनी त्याचं वाक्य संपायच्या आधीच हो म्हटलं.

सकाळी झाकण काढलं तर पिंपभर माशाचे डोळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब पाहुण्यांना आणायला फाटकावर गेले होते. हळूबाई वर्कशॉपमध्ये धावल्या, ड्रिल उचललं, तोंडात पात्याची सळई बसवली आणि पिंपात सोडलं. दहा मिनिटांत सगळे गोळे विरघळले. इतकं नितळ लांबण त्यांनी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. ड्रिल गोणपाटात गुंडाळून खणात टाकलं, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

पाहुण्यांसमोर साहेबांनी नळीतली हवा काढली, व्हॉल्व्ह उघडला, लांबण सोडलं. पारा एकशे छत्तीसवर येऊन थांबला. साहेबांनी काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली. पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "साहेब, पाण्यात पाणी घालून काय होणार?" सगळे खो खो हसले आणि चहा पिऊन गेले. नवी पावडर मागवायला नकार आला, आठवड्यात शेडला कुलूप लागलं. साहेबांना नकाशे विभागात बसवलं आणि हळूबाईंना प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला. वर्कशॉपवाले ते ड्रिल महिनाभर शोधत होते. हळूबाई मूग गिळून बसल्या.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं, पण लग्नाला वीस वर्षं झाल्यावर. तो म्हणाला, "जा, सांगून ये, हळू." उद्या जाते, असं त्या म्हणाल्या. आयुष्यभर सगळं घाईनं करणाऱ्या बाईनं एवढी एकच गोष्ट लांबवली. मग तो वारला, आणि जा म्हणणारं कोणी राहिलं नाही. त्या संध्याकाळचा त्यांना धड पश्चात्तापही करता यायचा नाही. पश्चात्ताप करायचा म्हणजे तो, ते लाल कान, ती तिकिटं आणि ही मुलगी, सगळंच नको म्हणायचं. ते त्या कशा म्हणणार?

"मी जरा टाकीचा नळ बघून येतो," साहेब उठले. "चालू द्या तुमचं."

काठीचा आवाज बाहेर गेला. हळूबाई एकट्या राहिल्या, समोर पिंप, मागे कपाट. आणि त्यांच्या मनात ते आलं. मन आहे, त्यात काय येईल ते सांगता येत नाही. ड्रिल दोन मिनिटं फिरवलं तरी पुरे होतं. उद्या पारा उतरणार नाही. साहेब म्हणतील, माझंच चुकलं होतं. त्यांना तशी सवय झालीच आहे. सोमवारी पाइप भंगारात जाईल, आणि हा विषय कायमचा मिटेल. कोणाला काही कळणार नाही.

त्या उठल्यासुद्धा. कपाटापर्यंत गेल्या. वाटेत साहेबांच्या स्टुलापाशी अकरा वह्या होत्या. सगळ्यात वरची उघडी होती. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'आजही सापडली नाही. बाईंची शंका घेण्याचा प्रश्न नाही. त्यांचा हात मला माहीत आहे.'

हळूबाई परत पिंपाशी येऊन बसल्या आणि फळी हातात घेतली. पुढचा सव्वा तास त्यांनी एकही फेरा चुकवला नाही. शेवटी झाकण घातलं तेव्हा खांदा भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी लांबणात दोन बोटं बुडवली आणि वर उचलली. तार निघाली ती पिंपापासून त्यांच्या छातीपर्यंत. पाइपाशी जाऊन त्यांनी आधी नुसतं पाणी सोडलं.

"वाचा."

"एकशे त्रेचाळीस."

"एक मिलिमीटर जास्त," साहेब म्हणाले. "पस्तीस वर्षांत एवढाच म्हातारा झाला. आपल्यापेक्षा बरा." मग त्यांनी लांबणाचा नळ उघडला आणि पाण्याचा वेग वाढू लागला तसा व्हॉल्व्ह आवळून आधीएवढाच ठेवला. "आता?"

पारा उतरत होता. शंभर. ऐंशी. हळूबाईंना आकडे वाचायची गरजच नव्हती, आवाजच बदलला होता, पाइपातली खरखर निवत चालली होती.

"साठ," त्या म्हणाल्या.

साहेब वाकून बघत राहिले. त्यांनी काचेवर टिचकी मारली. साठच. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि मोडक्या खुर्च्यांतल्या एका खुर्चीवर बसले.

"म्हणजे आधीचे बरोबर होते," ते हळूहळू म्हणाले. "पाचही वर्षांचे. मग त्या दिवशी…"

"त्या दिवशी मी ड्रिल लावलं होतं," हळूबाई म्हणाल्या. एवढं एक वाक्य मात्र त्यांनी कुठेही न धावता, एकेक शब्द ठेवत म्हटलं. मग बाकीचंही सांगितलं. तिकिटं, चाळणी, माशाचे डोळे, गोणपाट. "घाबरले होते, साहेब. नोकरी जाईल म्हणून."

"गेलीच असती," साहेब म्हणाले. "त्याच मिनिटाला काढलं असतं मी तुम्हाला."

"माहीत आहे."

"आणि पुढच्या आठवड्यात दारात उभा राहिलो असतो, परत या म्हणून. ते माहीत होतं का?"

हळूबाईंना ते माहीत नव्हतं. साहेबांचा चेहरा लाल झाला होता, त्यांचा तो जुना पारा चढत होता, आणि हळूबाई मान खाली घालून वाट बघत उभ्या होत्या. या वेळी त्यांना ओरडून घ्यायचं होतं.

"किती मिनिटं?" साहेबांनी विचारलं.

"काय?"

"ड्रिल. किती मिनिटं फिरवलं?"

"दहा."

"अंदाजे, की घड्याळ बघितलं होतं?"

"घड्याळ बघितलं होतं. नऊ वीस ते साडेनऊ."

"आणा ते ड्रिल."

"साहेब…"

"अर्धं पिंप शिल्लक आहे. आणा."

हळूबाईंनी खालचा खण उघडला, गोणपाट सोडलं. ड्रिल जोडलं तेव्हा ते गुरगुरलं, एक ठिणगी उडाली, जळका वास आला आणि पातं फिरलं. त्यांनी ते पिंपात सोडलं. काल दोन तास श्वास मोजून केलेलं लांबण त्या स्वतःच्या हातानं तोडत होत्या, आणि समोर साहेब घड्याळ धरून मिनिटं मोजत होते. चार. पाच. हळूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वीची दहा मिनिटं कशी भुर्रकन गेली होती. ही सरता सरेनात.

"दहा. थांबा."

लांबण काचेसारखं नितळ दिसत होतं. साहेबांनी बोटं बुडवून उचलली. तार आलीच नाही, नुसते थेंब पडले. त्यांनी नळ उघडला, व्हॉल्व्ह लावला आणि नळीकडे पाठ करून उभे राहिले.

"तुम्ही वाचा, बाई. मला बघवणार नाही."

हळूबाई नळीपाशी वाकल्या. पारा डुचमळला आणि थांबला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"एकशे सदतीस."

"पाइपाचा एक वजा करा."

"एकशे छत्तीस," हळूबाई म्हणाल्या.

साहेब वळले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते. हसतात की रडतात ते हळूबाईंना कळेना, आणि मग कळलं की दोन्ही. "एकशे छत्तीस!" ते भिंतीला म्हणाले. "काय करत होतो मी अकरा वह्या? दोन्ही खरे होते! दोन्ही आकडे खरे होते, बाई!"

"माझ्यामुळे तुमची पस्तीस वर्षं…"

"हो," साहेब म्हणाले. "गेलीच ती. मी नाही म्हणणार नाही." खिशातून रुमाल काढून त्यांनी नाक पुसलं, खुर्ची ओढली, अकरावी वही उघडली आणि पेन्सिलीला टोक आहे का ते बघितलं. हळूबाईंना त्यांचा चेहरा आता वहीवर वाकलेला दिसत होता, अगदी पूर्वी रोज दिसायचा तसा. त्यांनी तारीख घातली. एकशे त्रेचाळीस लिहिले, साठ लिहिले, एकशे सदतीस लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'चूक सापडली. ड्रिल, दहा मिनिटं. कारण: सिनेमा.'

मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "सिनेमा तरी बरा होता का?"

"सिनेमातलं एक अक्षर आठवत नाही, साहेब," हळूबाई म्हणाल्या. "पण माणूस फार चांगला होता."

साहेबांनी क्षणभर पेन्सिल थांबवली, आणि शेऱ्याच्या रकान्यात तेही लिहून घेतलं.